तिसरं पाणी

सुनंदाबाई बाळंतघर धुवायला लागली की तिला मध्येच हाक मारायची नाही, हा फार्मवरचा न लिहिलेला नियम होता. मालक हितेंद्रसुद्धा तो पाळायचा, आणि मालक ज्या नियमाला मान देतो त्यात काहीतरी तथ्य असणारच.

फार्म डुकरांचा. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना हमरस्ता सोडून दीड किलोमीटर आत, नाल्याच्या काठी. बाळंतघर म्हणजे ज्या शेडमध्ये गाभण माद्या व्यायच्या आधी आठवडाभर आणून ठेवतात ती शेड. कागदावर तिचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण सुनंदाबाईने पहिल्याच महिन्यात 'बाळंतघर' म्हणायला सुरुवात केली आणि डॉक्टरपासून खाद्याच्या टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. दर दोन महिन्यांनी दहा माद्या आत यायच्या, व्यायच्या, महिनाभर पिल्लं पाजून बाहेर जायच्या. मग शेड पूर्ण रिकामी करून धुवायची, वाळवायची, जंतू मारायचं औषध फवारायचं, पुन्हा वाळवायची, आणि मगच पुढच्या दहा आत घ्यायच्या. आधीच्या पिल्लांची हगवण नंतरच्या पिल्लांना लागू नये, एवढाच त्यातला मतलब.

यातलं धुणं सुनंदाबाईकडे होतं आणि फवारणं तिच्या नवऱ्याकडे, भटूकडे.

धुण्याची तिची रीत ठरलेली. आधी सगळी घाण कोरडीच खरवडून काढायची. घाणीवर नुसतं पाणी मारणारा माणूस तिच्या मते आळशी तरी असतो नाहीतर अडाणी तरी. मग साबणाचं पाणी मारून शेड रात्रभर भिजत ठेवायची. सकाळी खराटा आणि तारेचा ब्रश घेऊन जमिनीवर बसायचं आणि कप्प्याकप्प्याने घासत जायचं, गव्हाणीच्या खालची बाजूसुद्धा, जिथे डुकराशिवाय कुणाची नजर जात नाही. आणि शेवटी मोटार लावून तीन वेळा पाणी मारायचं.

"पहिलं पानी घाननं, दुसरं साबननं, तिसरं आपला मननं," ती म्हणायची. घाण गेली, साबण गेला, आता मनाचं समाधान म्हणून तिसरं. तिसऱ्या पाण्यानंतर ती भिंतीवरून बोट फिरवायची आणि बोटाला बोट घासून बघायची. कर्र वाजलं की झालं.

नणंद एकदा लग्नात चारचौघींत म्हणाली होती, की आमची वहिनी डुकरिणींची बाळंतपणं करते. सुनंदाबाईने भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, "बायंतीन ती बायंतीन. तिना पाठी घान नको."  सुनंदाबाईचं स्वतःचं पहिलं मूल बाराव्या दिवशी गेलं होतं, हे त्या पंगतीतल्या सगळ्याच जणींना ठाऊक होतं.

आता भटूविषयी. पारोळा आणि अमळनेरच्या मधल्या दहा-बारा गावांत कपाशी फवारावी तर भटूने, असं लोक म्हणत. पाठीवर पंप घेऊन तो सरीतून चालला की पानाची वरची बाजू ओली, खालची ओली, आणि शेजारच्या सरीवर थेंब नाही. जमीनदार लोक त्याला न्यायला मोटरसायकल पाठवायचे. अंगावर दोन कपडे आणि पाठीवर पंप, पण चाल अशी की जणू नवरदेव निघालाय. पंपाला किती झाकणं औषध, कोणत्या वाऱ्याला तोंड कुठे, हे त्याला पुस्तकवाल्यापेक्षा जास्त कळत होतं. एक गोष्ट तो कधी चुकवायचा नाही: औषध टाकून झालं की वरून मूठभर धुण्याची पावडर. नुसतं औषध पानावरून ओघळून जातं, पावडरने ते चिकटून बसतं. सगळे फवारणीवाले टाकतात, त्यात नवल काही नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका फवारणीत तो सरीतच चक्कर येऊन पडला. धुळ्याच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. डॉक्टरांनी सांगितलं की शेतातली फवारणी आता विसरायची. तो घरी आला आणि सहा महिने ओट्यावर बसून राहिला. सुनंदाबाईला त्या सहा महिन्यांची आठवण नको वाटते. मग हितेंद्रने फार्म काढला, सुनंदाबाईला कामावर घेतलं, आणि तिने नवऱ्यासाठी शब्द टाकला. इथलं औषध शेतातल्यासारखं जहाल नव्हतं, हितेंद्र तोंडाला मास्क आणि हाताला मोजेही देत होता. भटूने पाठीवर पुन्हा पंप चढवला त्या दिवशी तो घरी येऊन दोन भाकरी जास्त जेवला.

हितेंद्र भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला. बापाने जन्मभर गाड्या वेळेवर सोडल्या, पोराने वेळापत्रकावर डुकरं पाळली. वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हवं असायचं.

पहिलं वर्ष भटू बाकीच्या शेडमध्ये फवारायचा, बाळंतघरात फवारणी नव्हतीच, धुतल्यावर चुना मारायचे. ते बरं चाललं होतं. दिवाळीनंतर धुळ्याहून येणाऱ्या डॉक्टर मयुरी मॅडमनी नवीन औषध सुचवलं, चुन्यापेक्षा चांगलं आणि लवकर वाळणारं. भटूला माप सांगितलं, पंपाला दोन झाकणं. सुनंदाबाईला सांगितलं, "मावशी, साबण मात्र नीट निघू द्या." सुनंदाबाईला या सूचनेचा थोडा रागच आला होता. सुगरणीला मीठ टाकायला सांगतात तसं.

त्यानंतरच्या पहिल्याच खेपेला दहा माद्यांना ब्याण्णव पिल्लं झाली आणि आठ दिवसांत चाळीस गेली. पिवळी पातळ हगवण, दुसऱ्या दिवशी डोळे खोल, तिसऱ्या दिवशी थंड. माद्या आडव्या पडून पाजायला हुंकारायच्या आणि दुधाला तोंडं कमी. मेलेली पिल्लं घमेल्यात घालून, खड्ड्यात चुना पसरून पुरायचं काम सुनंदाबाईनेच केलं. ते तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

दुसऱ्या खेपेला तिने धुण्याला एक दिवस जास्त घेतला. पिल्लं छत्तीस गेली.

मग मयुरी मॅडम आल्या. पुढच्या खेपेसाठी शेड नुकतीच धुऊन फवारलेली होती. मॅडमनी कापसाचे बोळे जमिनीवर, भिंतीवर, गव्हाणीखाली फिरवले आणि नळ्यांत बंद करून धुळ्याला नेले. चार दिवसांनी रिपोर्ट घेऊन त्या परत आल्या. ज्या जंतूंनी पिल्लं मेली तेच जंतू शेडमध्ये जिवंत होते, औषध फवारूनसुद्धा.

"औषधच बोगस असेल," हितेंद्र म्हणाला.

मॅडम बाळंतघरात गेल्या, भिंतीवर थोडं पाणी शिंपडलं आणि हात फिरवला. मग हात नाकाशी नेला. हितेंद्रलाही फिरवायला लावला. भिंत बुळबुळीत लागत होती.

"साबण राहतोय," त्या म्हणाल्या. "कितीही चांगलं असू दे, हे औषध साबणात मिसळलं की मेलं. भिंतीवर साबणाचा थर राहिला तर फवारणी म्हणजे नुसतं पाणी मारल्यासारखं आहे."

शेडमध्ये तेव्हा चौघं होते. मॅडम, हितेंद्र, सुनंदाबाई, आणि दाराशी पाइप गुंडाळत उभा असलेला भटू.

"मॅडम, मी तीन पानी मारस," सुनंदाबाई म्हणाली. "एक बी कमी नही."

"मारत असाल हो मावशी, पण बघा ना." मॅडमनी तिचा हात धरून भिंतीला लावला. सुनंदाबाईने बोट फिरवलं. बोटाला बोट घासलं. कर्र वाजलं नाही.  आपण तिसरं पाणी मारलं होतं हे तिला शपथेवर माहीत होतं, आणि भिंत बुळबुळीत होती हेही खरं होतं. या दोन गोष्टी एका शेडमध्ये मावत नव्हत्या.

हितेंद्रने संध्याकाळची वाट पाहिली नाही. "सुनंदाबाई, तुमचा हात चुकतोय. वय झालं की होतं. आता ही शेड पुन्हा धुवा. या वेळी रिपोर्ट खराब आला तर बाळंतघर मी कोकिळाकडे देतो, तुम्ही खाद्य कालवायचं बघा." कोकिळा म्हणजे वाढत्या पिल्लांच्या शेडवरची बाई, अंगाने धट्टीकट्टी आणि कामात धसमुसळी. तिचं नाव ऐकून सुनंदाबाईला फार लागलं. भटू दाराशी पाइप गुंडाळतच राहिला.

तिने शेड पुन्हा धुतली. तीनच्या जागी पाच पाणी मारली. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, रात्री हळद-तेल लावून ती हात उशाशी ठेवून झोपली. भटू बाजूला जागा होता. 

फवारणी झाली. बोळे धुळ्याला गेले. रिपोर्ट स्वच्छ आला. माद्या आत गेल्या, अठ्ठ्याऐंशी पिल्लं झाली, त्यातली तीन अंगाखाली चेंगरली आणि एक जन्मतःच मेलेलं होतं. हगवणीने एकही गेलं नाही.

हितेंद्र एवढा खूश झाला की पारोळ्याहून पेढे घेऊन आला. "पाहिलं सुनंदाबाई? मनावर घेतलं की जमतं." सगळ्यांसमोर त्याने पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला. तिने खाल्ला. गोडच होता. पण घशाखाली उतरताना तिला वाटलं, म्हणजे आजवर आपण मनावर घेत नव्हतो, असं ठरलं तर. निंदा परवडते, तिला उत्तर देता येतं. असल्या कौतुकाला काय उत्तर द्यायचं?

आणि कदाचित ती तेवढ्यावरच गप्प बसली असती. पाच पाणी मारली म्हणून झालं, आपली तीन कमी पडत असतील, वय झालंय, असं तिने स्वतःला जवळजवळ पटवलंही होतं. पण महिनाअखेरीला ती घरी कपडे धुवायला बसली आणि पावडरच्या पुडक्यात हात घातला, तर पुडकं अर्धं भरलेलं.

सुनंदाबाई हात तसाच पुडक्यात ठेवून बसून राहिली. दिवाळीपासून, बाळंतघर धुवायचं झालं की त्या महिन्यात तिची पावडर वीस तारखेलाच संपत होती. दोनदा तिने भटूला विचारलंही होतं, तर तो म्हणाला होता की तूच फार धुतेस. खरंच होतं, ती फार धुते, म्हणून तिने विषय सोडला होता. या महिन्यातही बाळंतघर धुतलं होतं. कपडे तेवढेच होते. पावडर मात्र उरली होती.

कपडे तसेच टाकून ती फार्मवर गेली. औषधाच्या खोलीत पंप खुंटीला टांगलेला होता. तिने झाकण फिरवून आतली जाळी काढली. वरून धुतलेली होती, पण काठाच्या खोबणीत पांढरा चोथा वाळून बसला होता. नखाने काढून तिने बोटांत चोळला. चहाचं दूध फाटलं की भांड्याच्या कडेला राहतं ना, अगदी तसं. आणि वास मोगऱ्याचा. तिच्या पावडरचा.

दूध फाटलं की ते दूध राहत नाही, हे कळायला धुळ्याची प्रयोगशाळा लागत नाही.

भटू बाहेर कडुलिंबाखाली बसला होता. ती जाळी घेऊनच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पंपमा तुम्ही मन्ही पावडर टाकत व्हतात का?"

त्याने जाळीकडे पाहिलं. "टाकत व्हतो. कपाशीले बी टाकत व्हतो. औषध धराले नको का? भिंत तं पानपेक्षाबी गुळगुळीत."

"आन् आते?"

"आते नही टाकत."

"कवयपासून नही टाकत?"

त्याने चपलेने माती उकरली. सुनंदाबाईनेच पुढे विचारलं, "मॅडमनी साबननं सांगं, तवय तुम्ही तठेच व्हतात ना?"

"व्हतो."

"मंग?"

लिंबावरून एक काडी खाली पडली. भटूने ती उचलली आणि तिचे तुकडे करत बसला.

त्याच्या हातून झालेल्या चुकीचं सुनंदाबाईला काही वाटलं नाही. ज्याला जे येतं ते तो करतो. कपाशीच्या माणसाने भिंतीला कपाशी समजून फवारलं, हसून सोडून द्यावी अशी गोष्ट. शहात्तर पिल्लं गेली, त्यावर हसता येत नव्हतं, पण ती त्याने जाणूनबुजून मारली नव्हती. तिला आग लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. तिला वय झालेली, हात चुकणारी म्हटलं गेलं तेव्हा हा माणूस दाराशी उभा राहून पाइप गुंडाळत होता. ती पाच पाणी मारत होती तेव्हा याला माहीत होतं की तीन पुरेत. तिच्या चिरलेल्या बोटांना हळद लागत होती तेव्हा हा बाजूला जागा होता. सत्तावीस वर्षांत तिला त्याचा इतका राग कधी आला नव्हता, आणि त्यातलं वाईट हे की त्याने असं का केलं ते तिला पुरतं कळत होतं. फवारणी सोडली तर त्या माणसाकडे आपलं असं काही उरलंच नव्हतं. ते ओट्यावरचे सहा महिने तिनेच पाहिले होते.

हितेंद्रकडे जाऊन सांगणं दोन मिनिटांचं काम होतं. ती गेली नाही. पण गिळूनही टाकलं नाही. पुढच्या खेपेची वेळ आली, आतल्या माद्या बाहेर निघाल्या, बाळंतघर रिकामं झालं, त्या सकाळी तिने खराटा आणि ब्रश नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला.

"या खेपले बायंतघर तुम्ही धुवा. फवारा मी मारसू."

भटूने वर पाहिलं. "तुले पंप झेपी का?"

"तुमले खराटा झेपी का, ते देखा."

तो उठला. नाही म्हणाला असता तर ती काय करणार होती हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, पण तो उठला. दोन दिवस तो त्या शेडमध्ये होता. खरवडलं, भिजवलं, दुसऱ्या दिवशी जमिनीवर बसून घासलं. पंपाचा माणूस आयुष्यभर उभ्यानेच काम करतो, दुपारपर्यंत त्याचे गुडघे बोलायला लागले. गव्हाणीखाली आडवं होऊन हात घालताना कोपर सोललं. सुनंदाबाई दाराशी पोत्यावर बसून बघत होती. तिने मदत केली नाही, टोमणाही मारला नाही. कोकिळा दोनदा काही ना काही कारण काढून डोकावून गेली.

तो शेवटचं पाणी मारत होता तेव्हा हितेंद्र आणि मयुरी मॅडम आले. फवारण्याआधी धुणं बघायचं म्हणून मॅडम आता दर खेपेला यायच्या.

हितेंद्र दारातच थांबला. "हे काय? भटूभाऊ धुतायत? सुनंदाबाई, बरं नाही का तुम्हाला?"

"मले काय व्हयनं?" ती बसल्या जागेवरून म्हणाली.  बोलायची पाळी तिची नव्हती.

भटूने मोटार बंद केली. पाइपातून उरलेलं पाणी थोडा वेळ पायाशी सांडत राहिलं. तो गुडघ्यापर्यंत भिजला होता, तोंडावर घाणीचे शिंतोडे होते. दहा-बारा गावांनी ज्याला मोटरसायकल पाठवून नेलं तो हाच माणूस, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

"भाऊ," तो हितेंद्रकडे न बघता म्हणाला, "तिना धुवामा खोट नव्हती. साबन मी टाकत व्हतो. पंपमा, औषधमा. मॅडमनी सांगं तवय माले समजनं."  पुढचं वाक्य लहान होतं, पण त्याला ते पंपापेक्षा जड गेलं. "समजनं, आन् मी गप ऱ्हायनू."

मॅडमनी हळूच डोळे मिटून उघडले. हितेंद्रला नेहमी कारण संध्याकाळच्या आत हवं असायचं. हे कारण दोन महिने उशिरा आलं होतं. तो सुनंदाबाईकडे वळला. "सुनंदाबाई, मी तुम्हाला उगीच..."

ती तोवर उठून आत गेली होती. भटूच्या बाजूने जाताना तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. डोळे भरून आले होते आणि ते तिला चौघांत दाखवायचे नव्हते. ती सरळ शेवटच्या कप्प्यापर्यंत गेली, खाली वाकली, गव्हाणीच्या मागचा कोपरा शोधला आणि भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला बोट घासलं. एकदा, दोनदा. सगळे बघत होते.

कर्र वाजलं नाही.

"साबन शे आजून," ती पाठमोरीच म्हणाली. "आखो एक पानी मारा."

भटूने खाली वाकून पाइप उचलला आणि मोटार चालू केली.